ढालीवरचा सूर्य आणि जंगलातलं पांढरं अस्वल: ब्रिटिश कोलंबियाची राज्यचिन्हं समजून घेताना

व्हँकूव्हर किंवा सरेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एक छोटा झेंडा दिसतो. वरच्या भागात ब्रिटनचा युनियन जॅक, त्याच्या मधोमध सोनेरी मुकुट, खाली निळ्या-पांढऱ्या लाटा आणि त्या लाटांतून अर्धा वर आलेला सूर्य. कॅनडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा हा झेंडा. या प्रांताचं स्वतःचं फूल आहे, पक्षी आहे, झाड आहे, रत्न आहे, सस्तन प्राणी आहे, मासा आहे, टार्टन म्हणजे चौकटीचं स्कॉटिश पद्धतीचं कापड आहे आणि अलीकडे एक जीवाश्मही आहे. महाराष्ट्राचं शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा आणि २०१५ साली त्यांत आलेलं ब्लू मॉरमॉन फुलपाखरू ही यादी ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

तरी ब्रिटिश कोलंबियाची यादी मला फार बोलकी वाटते. ती वर्षांच्या क्रमाने लावली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुरुवातीची चिन्हं लंडनकडे तोंड करून उभी आहेत, तर नंतरची हळूहळू इथल्या मातीकडे वळलेली आहेत. आणखी एक गोष्ट कळते, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. एखादा प्राणी किंवा झाड राज्यचिन्ह म्हणून जाहीर झालं म्हणजे त्याला संरक्षण मिळालं, असं होत नाही. या दोन गोष्टी कायद्याच्या दोन वेगळ्या कप्प्यांत राहतात.

आधी, चिन्ह ठरवतं कोण? इथे दोन वाटा आहेत. पहिली वाट राजघराण्याकडून येते. कॅनडाचा राष्ट्रप्रमुख आजही ब्रिटनचा राजा आहे, आणि ढाल, मुकुट, सिंह असलेलं पारंपरिक राजचिन्ह, ज्याला कोट ऑफ आर्म्स म्हणतात, ते राजाच्या अधिकारातूनच बहाल होतं. हे काम पूर्वी लंडनमधलं कॉलेज ऑफ आर्म्स करायचं. १९८८ साली कॅनडाने गव्हर्नर जनरलच्या हाताखाली स्वतःची हेराल्डिक अथॉरिटी स्थापन केली, तेव्हापासून अशा गोष्टींसाठी लंडनला जावं लागत नाही. दुसरी वाट सरळ आहे: प्रांताचं सरकार किंवा विधिमंडळ ठराव करतं, कायद्यात एक ओळ वाढते आणि फूल राज्यफूल होतं. झेंडा आणि राजचिन्ह पहिल्या वाटेचं वजन घेऊन आले, बाकीची सगळी दुसऱ्या वाटेने.

राजचिन्हाची गोष्ट जरा लांबीने सांगायला हवी, कारण तिच्यात त्या काळाचं राजकारण आहे. व्हँकूव्हर बेटावर १८४९ साली ब्रिटिश वसाहत झाली. १८५८ साली फ्रेझर नदीच्या खोऱ्यात सोनं सापडलं, लोकांची रीघ लागली आणि मुख्य भूमीवर दुसरी वसाहत काढावी लागली. तिला ब्रिटिश कोलंबिया हे नाव राणी व्हिक्टोरियाने दिलं. १८६६ साली दोन्ही वसाहती एक झाल्या आणि १८७१ साली हा प्रदेश कॅनडात सामील झाला. प्रांत झाला, पण स्वतःचं नीट राजचिन्ह नव्हतं.

ते काढलं व्हिक्टोरिया शहरातल्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचे पाद्री कॅनन आर्थर बीनलँड्स यांनी. प्रांताने १८९५ साली त्यांचं चित्र वापरायला सुरुवात केली, लंडनची परवानगी न घेताच. त्या ढालीवर सूर्य वर होता आणि युनियन जॅक खाली. पश्चिमेच्या समुद्रात सूर्य मावळतो, आणि हा तर साम्राज्याचा अगदी पश्चिमेचा प्रांत, त्यामुळे सूर्य घ्यावासा वाटणं स्वाभाविक होतं. पण ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असं अभिमानाने सांगितलं जायचं, त्याच्या झेंड्याच्या डोक्यावर मावळता सूर्य कसा चालेल? १९०६ साली राजा एडवर्ड सातवे यांनी रीतसर मान्यता दिली, तेव्हा मांडणी उलटली होती. युनियन जॅक वर गेला आणि सूर्य लाटांवर उतरला. खालचं लॅटिन बोधवाक्य आहे ‘स्प्लेंडर सिने ओकासू’, म्हणजे कधीही न मावळणारं तेज. चित्रातला सूर्य क्षितिजाला टेकलेला आणि खालचे शब्द मात्र तो मावळणार नाही असं बजावणारे.

लाटांचा अर्थ असा सांगतात की प्रांत पॅसिफिक महासागर आणि रॉकी पर्वतरांगा यांच्या मध्ये आहे. मधल्या मुकुटाने राजसत्ता दाखवली.

१९०६ च्या मान्यतेत एक कमतरता राहिली. बीनलँड्स यांच्या चित्रात ढालीच्या एका बाजूला वापिटी जातीचं मोठं हरीण आणि दुसऱ्या बाजूला वळलेल्या जाड शिंगांचा बिगहॉर्न मेंढा होता. हरीण व्हँकूव्हर बेटाच्या जुन्या वसाहतीचं, मेंढा मुख्य भूमीचा. ढालीच्या वर मुकुटावर उभा असलेला सिंह होता. लंडनने मान्य केली ती फक्त ढाल आणि बोधवाक्य. सिंहाबद्दलची अडचण समजण्यासारखी आहे: मुकुटावरचा तो सिंह राजाचं स्वतःचं खासगी शिरचिन्ह आहे, तो एखाद्या प्रांताने जसाच्या तसा घेणं नियमात बसत नाही. लोक मात्र हरीण-मेंढा-सिंह असं पूर्ण चित्र वर्षानुवर्षं वापरत राहिले.

या गोंधळावर तोडगा निघाला १९८७ साली. राणी एलिझाबेथ दुसऱ्या व्हँकूव्हरला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी पूर्ण राजचिन्ह बहाल केलं. सिंहाची अडचण सोडवायला त्याच्या गळ्यात डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांची माळ घातली गेली. त्या माळेने राजाचा सिंह आणि प्रांताचा सिंह वेगळे झाले. साम्राज्याच्या सिंहाला इथल्या झाडाच्या फुलांनी ओळख द्यावी लागली, आणि ही एवढी साधी गोष्ट व्हायला ८१ वर्षं गेली.

झेंडा १९६० साली स्वीकारला गेला. त्यात नवं काही नाही, ढालीवरचं चित्रच लांबट कापडावर पसरलेलं आहे. कॅनडाच्या लाल मेपल पानाचा झेंडा त्यानंतर पाच वर्षांनी, १९६५ साली आला, हे लक्षात घेतलं तर युनियन जॅक त्या वेळी कोणाला खटकला नसणार हे कळतं. आज प्रांतात फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, २०० हून जास्त समाज आहेत, ३० हून जास्त मूळ भाषा आहेत, आणि बहुतेक जमीन त्या समाजांशी कोणताही करार न करताच घेतलेली आहे. झेंड्यात आणि राजचिन्हात या लोकांचा एकही ठसा नाही. माझ्या मते हा त्या दोन्हींमधला सर्वांत मोठा रिकामा भाग आहे.

आता डॉगवुड. पॅसिफिक डॉगवुडचं झाड १९५६ साली राज्यफुलामुळे मानाला चढलं. वसंतात सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. जवळून बघितलं तर त्या पांढऱ्या पाकळ्या पाकळ्या नसतातच, ती रंग बदललेली पानं असतात. खरी फुलं मधल्या हिरवट गोळ्यात दाटीने बसलेली, बारीकशी. आपल्याकडे बोगनवेलीत हाच प्रकार असतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मदतीसाठी निधी गोळा करताना या फुलाच्या पिना विकल्या गेल्या आणि फूल लोकांच्या मनात घट्ट बसलं. आज बारावीनंतर इथल्या मुलांना जे प्रमाणपत्र मिळतं, त्याला सगळे बोलताना ‘डॉगवुड डिप्लोमा’ म्हणतात.

डॉगवुड तोडणं गुन्हा आहे, असं अजूनही पुष्कळ लोक सांगतात. तसा कायदा होता, ही गोष्ट खरी. १९३१ साली डॉगवुड, रोडोडेंड्रॉन आणि ट्रिलियम या तीन वनस्पतींसाठी संरक्षणाचा कायदा झाला होता, म्हणजे राज्यफूल होण्याच्या २५ वर्षं आधी. २००२ साली तो रद्द झाला. संरक्षण गेलं आणि मानाची जागा तेवढी राहिली. शिवाय या झाडांवर बुरशीचा एक रोग पडतो, त्यात पानं आणि फांद्या वाळतात. त्याच्याशी राज्यफुलाच्या दर्जाला काही करता येत नाही.

राज्यपक्षी आहे स्टेलर्स जे. गडद निळं अंग, काळं डोकं, वर तुरा आणि कर्कश आवाज. १९८७ साली लोकांच्या पसंतीने तो निवडला गेला. नाव जर्मन निसर्गतज्ज्ञ गेऑर्ग स्टेलर यांच्यावरून आलं. १७४१ साली बेरिंगच्या रशियन मोहिमेत अलास्काच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांनी हा पक्षी पाहिला. पूर्व अमेरिकेतल्या ब्लू जे पक्ष्याचं चित्र त्यांनी आधी बघितलं होतं, त्यावरून आपण अमेरिकेला पोहोचलो हे त्यांनी ओळखलं.

टार्टन १९७४ चं. पाच रंग: समुद्राचा निळा, डॉगवुडचा पांढरा, जंगलाचा हिरवा, मेपलचा लाल, मुकुट आणि सूर्याचा सोनेरी.

रत्न आहे जेड, १९६८ पासून. इथला जेड नेफ्राइट जातीचा आहे, हिरवा आणि अत्यंत चिवट. सहज तुटत नाही, म्हणून इथले मूळ लोक हजारो वर्षं त्याची पाती घासून तासण्या आणि छिन्न्या करत, दूरदूरपर्यंत त्यांचा व्यापार करत. पुढे प्रांताच्या वायव्येकडच्या डोंगरांत यंत्रांनी खाणकाम सुरू झालं. तो टाल्टान लोकांचा मुलूख. डोंगरउतारांवर आणि ओढ्यांवर झालेल्या नुकसानीबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०२४ साली प्रांत सरकारने वायव्य भागात जेडच्या नव्या खाणी बंद केल्या आणि चालू खाणींना गुंडाळण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. प्रांताचं अधिकृत रत्न त्याच प्रांताच्या मोठ्या भागात आता काढता येणार नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. रत्नाचा मान राखायचा तर ते ज्या डोंगरात आहे तिथल्या माणसांचं ऐकायला हवं होतंच.

आता यादीतल्या तीन चिन्हांकडे वळू, जी खरं तर एकत्रच समजून घ्यायला हवीत: वेस्टर्न रेड सीडर हे झाड (१९८८), स्पिरिट बेअर हे अस्वल (२००६) आणि पॅसिफिक सॅमन हा मासा (२०१३). सरकारी यादीत तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर आहेत. जंगलात मात्र ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो. पॅसिफिक सॅमन म्हणून एकच मासा जाहीर झालेला नाही, सात जाती आहेत: चिनूक, सॉकाय, कोहो, चम, पिंक, स्टीलहेड आणि कटथ्रोट. शरद ऋतूत मासे नदीत शिरले की काठावर अस्वलं येतात. अस्वल मासा धरून पाण्याबाहेर नेतं, दूर झाडीत जाऊन चांगला चांगला भाग खातं आणि उरलेला तसाच टाकून जातं. तो कुजतो, त्यातला नायट्रोजन मातीत उतरतो आणि मुळं तो शोषून घेतात. समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये त्याचं जरा जड रूप जास्त प्रमाणात असतं, त्यामुळे तो वेगळा ओळखता येतो. नदीकाठच्या झाडांच्या खोडांत शास्त्रज्ञांना तो सापडला आहे. म्हणजे या झाडांच्या लाकडात समुद्राचा अंश आहे, आणि तो अस्वलाच्या तोंडून तिथे पोहोचला.

स्पिरिट बेअर ही अस्वलाची निराळी जात नाही. तो काळ्या अस्वलाचाच एक प्रकार, ज्याला कर्मोड बेअर म्हणतात. अमेरिकन प्राणितज्ज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी १९०५ साली प्रांताच्या संग्रहालयातले फ्रान्सिस कर्मोड यांचं नाव त्याला दिलं. यातली बहुतेक अस्वलं काळीच असतात, काही मात्र साईसारखी पांढरट जन्मतात. हा रोग नाही आणि रंगहीनपणाचा दोषही नाही, डोळे आणि नाक गडदच असतात. केसांचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकाचं विशिष्ट रूप आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच मिळालं तर पिल्लू काळं दिसतं, पण ते रूप त्याच्या अंगात दडून राहतं. दोन काळ्या अस्वलांना पांढरं पिल्लू होऊ शकतं ते यामुळेच.

ही पांढरी अस्वलं प्रामुख्याने मध्य किनाऱ्यावर, प्रिन्सेस रॉयल आणि ग्रिबेल बेटांच्या आसपास दिसतात. पांढऱ्या रंगाचा फायदाही आहे. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवलं की दिवसा पांढरी अस्वलं काळ्यांपेक्षा जास्त मासे पकडतात. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशापुढे पांढरा आकार कमी जाणवतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. रात्री तो फरक राहत नाही.

किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्समध्ये एक कथा सांगतात. हिमयुग संपून जमीन हिरवी झाली तेव्हा सृष्टी घडवणाऱ्या डोमकावळ्याने, रेव्हनने, दर दहा अस्वलांतलं एक पांढरं केलं, बर्फाचे दिवस लोकांच्या आठवणीत राहावेत म्हणून. त्सिम्शियन लोक त्याला मोक्सगमोल म्हणतात. फरच्या व्यापाराच्या काळात गितगा’ट समाजातली जाणती माणसं या पांढऱ्या अस्वलांचा बाहेरच्यांपुढे उच्चारही करत नसत, असं तिथली मंडळी सांगतात. नाव कळलं तर शिकारी येतील, हे त्यांना ठाऊक होतं.

पांढऱ्या अस्वलाच्या शिकारीवर १९२५ पासून बंदी आहे. २००६ साली ते राज्यप्राणी झालं. पण वर सांगितलेलं जनुकाचं गणित आठवा. पांढऱ्याला मारायचं नाही, पण शेजारच्या काळ्याला मारायला परवानगी, आणि त्या काळ्याच्या अंगात पांढरेपण दडलेलं. राज्यचिन्हाचा दर्जा मिळाल्यानंतरही ही फट उघडीच होती. ती बुजली २०२२ साली, किटासू/शैशैस आणि गितगा’ट या दोन नेशन्सनी लावून धरलं तेव्हा. त्यांच्या मुलुखाच्या मोठ्या भागात काळ्या अस्वलांच्या शिकारीवरही बंदी आली. त्याआधी २०१६ च्या करारात ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट नावाच्या, सुमारे ६४ लाख हेक्टरांवर पसरलेल्या या प्रदेशातलं ८५ टक्के जंगल व्यापारी तोडीपासून राखलं गेलं होतं. अस्वलाला खरा आधार मिळाला तो या दोन निर्णयांतून.

सॅमनची अडचण आणखी वेगळी. तो प्रांताचा मासा आहे, पण कॅनडाच्या घटनेप्रमाणे समुद्री मासेमारी केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. किती पकडायचा, कधी पकडायचा, हे ओटावात ठरतं. २००९ साली फ्रेझर नदीत एक कोटीहून जास्त सॉकाय येतील असा अंदाज होता. आले जेमतेम १५ लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी जवळजवळ तीन कोटी आले. २००९ ची घट कशामुळे, हे शोधायला त्याच वर्षी न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा आयोग नेमला गेला होता आणि त्याचा अहवाल २०१२ साली आला. एकाच कारणावर बोट ठेवता आलं नाही. तापणारं पाणी, बिघडलेले अधिवास, रोग असे अनेक ताण एकत्र येतात, असा त्याचा सूर होता. त्यानंतर काही महिन्यांत सॅमन राज्यचिन्ह झाला.

सीडर हजार वर्षांहून जास्त जगतो. त्याच्या लाकडात नैसर्गिक तेलं असतात, म्हणून या पावसाळी किनाऱ्यावरही ते सहज कुजत नाही. होड्या, मोठ्या घरांच्या फळ्या, टोटेम खांब याच लाकडाचे. आतल्या सालीपासून दोर, चटया, टोप्या आणि कपडे होतात. साल काढताना जिवंत झाडावरून अरुंद, लांब पट्टाच ओढून घेतात, झाड जगतं आणि जखमेचा व्रण शतकानुशतकं खोडावर राहतो. या व्रणांना पुढे वेगळंच महत्त्व आलं. १९८० च्या दशकात टोफिनोजवळच्या मीअर्स बेटावर जंगलतोड सुरू होणार होती, तेव्हा तिथल्या नू-चा-नुल्थ लोकांनी न्यायालयात दाखवून दिलं की बेटावरच्या झाडांवर त्यांच्या पूर्वजांच्या वापराच्या खुणा आहेत. १९८५ साली न्यायालयाने तोड थांबवली.

सीडर तोडण्यावर मात्र सरसकट बंदी नाही. राज्यवृक्ष असूनही तो लाकूड उद्योगाचा कच्चा माल आहे. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत दक्षिण भागातले सीडर शेंड्यापासून वाळू लागलेले दिसतात.

सर्वांत नवं चिन्ह सगळ्यांत जुनं आहे. १९८८ साली व्हँकूव्हर बेटावरच्या कोर्टने गावाजवळ, पंटलेज नदीच्या काठी माइक ट्रास्क आणि त्यांच्या मुलीला काही हाडं दिसली. ती निघाली एलास्मोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या आणि वल्ह्यांसारख्या पायांच्या समुद्री सरीसृपाची, ८ कोटी वर्षांहून जुनी. २०१८ साली लोकांनी मत देऊन हा जीवाश्म पसंत केला आणि २०२३ साली तो अधिकृत झाला. त्याला शास्त्रीय नाव तेव्हा नव्हतंच. ते मिळालं २०२५ मध्ये: ट्रास्कासॉरा सँड्री.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण तिथल्या मराठी मंडळांना आणि छोट्या व्यावसायिकांना ती उपयोगी पडेल. प्रांताचा झेंडा कोणीही घरावर किंवा कार्यक्रमात लावू शकतो. डॉगवुडचं फूल, अस्वल किंवा सॅमन यांचं स्वतः काढलेलं चित्र पत्रिकेवर छापायलाही हरकत नाही. हरीण, मेंढा आणि फुलांची माळ घातलेला सिंह असलेलं राजचिन्ह मात्र सरकारचं आहे. ते परवानगीशिवाय पत्रकावर, पाटीवर किंवा वेबसाइटवर वापरता येत नाही, कारण त्यावरून तो मजकूर सरकारनेच काढला असा समज होतो.